दोन सीटचं विमान
(स्नेहसंमेलनातील भाषण)



‘विमान उडवतोस म्हणजे बराच पैसेवाला झालास!’ असं सकाळपासून चौघांनी ऐकवलं. खरं सांगतो, मी महिन्याला जेमतेम एक तास उडतो, तोही क्लबच्या सेसना १५२ मधून. हे विमान बनवणं कंपनीने १९८५ च्या सुमारासच थांबवलं, म्हणजे आपण शाळेत होतो तेव्हा. आत बसलं की शेजारच्याचा खांदा लागतो, थेट आपला मागचा बाक.

त्याला तासाला वीस-बावीस लिटर इंधन लागतं. तेही पंपावरचं पेट्रोल नव्हे, शिसं घातलेलं एव्हगॅस. पण इंधन हा हिशेबाचा एक भाग झाला. साधारण २००० तासांनी इंजिन पूर्ण खोलावं लागतं आणि सुटे भाग डॉलरमध्ये येतात. विमा, हँगरचं भाडं, वार्षिक तपासणी हे तर विमान नुसतं उभं असलं तरी चुकत नाही. गोम इथेच आहे. उडणारे कमी झाले की तोच खर्च उरलेल्यांच्या तासांवर बसतो, दर चढतो, आणखी दोघे गळतात. आमच्याकडे हौशी आता तिघेच उरलोत. बाकी सगळी व्यावसायिक परवान्यासाठी २०० तास भरणारी, घरच्यांनी कर्ज काढून पाठवलेली मुलं.

जे.आर.डी. टाटांनी १९२९ मध्ये परवाना काढला तो हौसेपोटी. कराची-मुंबई टपाल त्यांनी नेलं ते १९३२ साली, नंतर!

साध्या पेट्रोलवर चालणारी रोटॅक्स इंजिनं आलीत, ती इंधनही कमी पितात. युरोपात २०२० मध्ये विजेवरच्या दोन सीटच्या विमानाला मान्यता मिळाली. ते पाऊण तास उडतं, म्हणजे धावपट्टीभोवती घिरट्या शिकण्यापुरतं. मला विचाराल तर चौघापाचांनी मिळून एक विमान घेणं, एवढाच मार्ग आमच्यासारख्यांना उरलाय. (हात वर करू नका, आधी घरी विचारा.)

पुढच्या महिन्यात माझी वैद्यकीय तपासणी आहे. यंदा सोडून द्यावं, असं ठरत आलं होतं. पण भूगोलाच्या बाई समोर बसल्यात. बाई, तुम्ही फळ्यावर काढायचात त्या समोच्च रेषा मला कधीच कळल्या नाहीत. पावसाळा संपल्यावर सह्याद्रीवरून जाताना खाली भातखाचरांच्या पायऱ्या दिसल्या, तेव्हा कळल्या. अजून एक वर्ष पैसे भरतोय. शेजारची सीट रिकामी आहे, बाई.