कुकरचं झाकण आणि दहा मिनिटांचा हिशेब

(स्वयंपाकाची कामे करणाऱ्या घरकामगार स्त्रियांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

आजच्या पत्रकावर माझ्या भाषणाचा विषय वाचून काहीजणी हसल्या असतील. विजेच्या कुकरचं झाकण! पगार, रजा, बोनस, म्हातारपण एवढे मोठे प्रश्न समोर असताना ताई झाकण काय घेऊन बसल्या? पण संघटनेच्या बैठकांत ‘तो नवा कुकर’ हे शब्द आता वारंवार ऐकू येतात, आणि त्यामागे प्रत्येक वेळी काहीतरी भीती किंवा भांडण असतं. गॅसवरचा शिट्टीचा कुकर आपल्या हातात बसलेला आहे. किती शिट्ट्यांना तूरडाळ शिजते हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. विजेचे बहुतेक कुकर शिट्टी देत नाहीत. ते बटणांवर चालतात. त्यांचं माहितीपुस्तक बहुधा इंग्रजीत असतं आणि मालकिणीच्या कपाटात असतं. शिजवायचं मात्र आपण, आणि झाकण धुवायचं तेही आपणच.

म्हणून आधी हे झाकण काय करतं ते पाहू.

भांड्यात वाफ कोंडली की दाब वाढतो. दाब वाढला की पाणी १०० अंशांच्या वर तापतं, म्हणून डाळ लवकर शिजते. गॅसवरच्या कुकरमध्ये हा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो असतो, विजेच्या कुकरमध्ये साधारण पाऊण किलो. ऐकायला थोडं वाटतं. पण झाकणाचा व्यास २२ सेंटिमीटर धरा. त्याचं क्षेत्रफळ झालं सुमारे ३८० चौरस सेंटिमीटर. म्हणजे आतली वाफ त्या झाकणाला पावणेतीनशे किलोंहून जास्त जोराने वर ढकलत असते. तांदळाची ५० किलोंची साडेपाच पोती एकावर एक ठेवली तर जेवढा भार होईल, तेवढा जोर. आपण त्याच्या शेजारी उभं राहून पोळ्या लाटत असतो.

कारखान्यातही वाफ कोंडतात. त्या बॉयलरसाठी आपल्या देशात १९२३ साली कायदा झाला, २०२५ साली त्याच्या जागी नवा आला. बॉयलरची तपासणी होते, तो सांभाळायला प्रमाणपत्र मिळवलेला माणूस लागतो. कुकर काही बॉयलरएवढा नाही, हे मलाही कळतं. पण काम त्याच जातीचं आहे. तिथे त्याला कौशल्य म्हणतात. आपल्या हातात आलं की ते ‘भांडी घासणं’ होतं!

आता झाकण उलटं करून पाहू. कंपनीप्रमाणे थोडा फरक असतो, पण मुख्य गोष्टी चार. एक, कडेने बसवलेली रबरासारखी सिलिकॉनची रिंग. ती वाफ कडेने सुटू देत नाही. दोन, वर वाफ सोडायचा व्हॉल्व्ह. तीन, त्या व्हॉल्व्हच्या बरोबर खाली, आतल्या बाजूला, बारीक भोकांची टोपी. डाळीची सालं व्हॉल्व्हमध्ये जाऊ नयेत म्हणून ती असते. आणि चार, एक छोटी पिन. दाब आला की ती वर उचलली जाते आणि झाकणाला कुलूप लागतं. दाब उतरला की ती खाली पडते, मगच झाकण फिरतं. ही पिन म्हणजे आपली राखणदार. ती वर असताना झाकण ओढायचं नाही, आणि चमच्याने किंवा सुरीने टोचून तिला खाली बसवायचं नाही. घाई असली तरी नाही, मालकीण ओरडली तरी नाही.

कुकरमध्ये आणखीही सोयी असतात. जास्त तापला तर वीज आपोआप तुटते. म्हणून घाबरून जाऊ नका. पण व्हॉल्व्हचं भोक डाळीच्या फेसाने बुजलं, पिन चिकटली, तर सुरक्षिततेची एकेक सोय कमी होत जाते. झाकण धुवायचं ते चकचकीत दिसावं म्हणून नव्हे. या सोयी शाबूत राहाव्यात म्हणून.

सफाई कशी करायची? आधी प्लग काढायचा. पिन खाली आलेली पाहायची, झाकण निवू द्यायचं. काही झाकणांना वायर किंवा बटणं जोडलेली असतात. तसं असेल तर ते पाण्यात बुडवायचं नाही, ओल्या फडक्यानेच पुसायचं. साधं झाकण नळाखाली धुता येतं. कुकरचा खालचा, विजेचा भाग मात्र कधीच नाही.

मग रिंग ओढून काढायची. आतली भोकांची टोपी काढायची. वरचा व्हॉल्व्ह बहुतेक झाकणांत सरळ वर उचलला की निघतो. पिनेला खालून एक इवलीशी सिलिकॉनची टोपी असते. ती काढली की पिन हातात येते. हे सगळं आधी एका वाटीत ठेवायचं. मोरीत वाहून गेलं तर त्यावरून वेगळं भांडण! कोमट पाणी, साबण, मऊ घासणी. तारेची घासणी रिंगला लावायची नाही, तिला चरे पडतात. व्हॉल्व्हच्या भोकाला जुना दात घासायचा ब्रश चालतो. शेवटी झाकण उजेडात धरून भोकातून आरपार दिसतं का ते पाहायचं.

सगळं कोरडं करून परत बसवलं की तीन गोष्टी तपासायच्या. रिंग सगळीकडे सारखी बसली आहे का, कुठे उचललेली नाही ना? पिन बोटाने वर-खाली सहज होते का? आतली टोपी परत लावली का? वरचा व्हॉल्व्ह थोडा सैल हलतो. तो तसाच असायला हवा. सैल वाटला म्हणून त्याला दोरा बांधायचा नाही, चिकटपट्टी लावायची नाही, वर वजन ठेवायचं नाही. झाकण भांड्यावर घट्ट लावून ठेवण्यापेक्षा उलटं ठेवावं. आत वास कोंडत नाही.

रिंगला सांबाराचा, मटणाचा वास धरतो. भांड्यात पेलाभर पाणी, थोडं व्हिनेगर किंवा लिंबाची सालं घालून दोन-चार मिनिटं वाफ काढली की वास कमी होतो. खिरीसाठी वेगळी रिंग ठेवली तर उत्तमच. रिंग ताणली, चिरली, कडक झाली, तर ती बदलायची. रोजच्या वापरात वर्ष-दीड वर्षात ती बदलावीच लागते, आणि ती त्याच कंपनीची, त्याच मापाची हवी. आणि मुळातच घाण कमी व्हावी, तर डाळ, छोले, वाटाणे शिजवताना भांडं अर्ध्याच्या वर भरायचं नाही. फेस वर चढतो तो थेट व्हॉल्व्हमध्ये जातो. थेंबभर तेल टाकलं की फेस कमी येतो, हे तर तुम्हीच मला शिकवाल.

आता भांडणाचं बोलते. आमच्या केंद्रावर एक मावशी आल्या होत्या. पाच घरी स्वयंपाक करतात. एका घरी विजेच्या कुकरचं झाकण उघडेना. त्यांनी जोर लावला नाही, प्लग काढला आणि मालकिणीची वाट पाहिली. शहाणपणाचंच केलं. पण मालकीण आल्यावर ‘तुम्ही बिघडवलात’ म्हणून महिन्याच्या पगारातून पैसे कापले. आम्ही दोघीजणी त्या घरी गेलो. कपाटातून पुस्तक काढायला लावलं. पिनेच्या टोपीखाली तुरीचं साल अडकलं होतं, एवढंच. पुस्तकात त्याची चित्रासकट माहिती होती, ती मावशींना कुणी सांगितलेलीच नव्हती. पैसे परत मिळाले. जिना उतरताना मावशी म्हणाल्या, “ताई, पैशाचं ठीक आहे. ते पुस्तक मला वाचून कोण दाखवणार?”

मैत्रिणींनो, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. यंत्र घरात येतं तेव्हा त्याची माहिती एकीकडे आणि ते चालवणारे हात दुसरीकडे, असं होतं. मग काही बिघडलं की दोष हातांचा. १९८०च्या दशकात ‘स्टोव्हचा भडका’ या नावाखाली किती बायकांचे मृत्यू अपघात म्हणून नोंदले गेले, ते आपल्या चळवळीने पाहिलं आहे. ती गोष्ट वेगळी आणि फार भयंकर होती. पण ‘तिचाच निष्काळजीपणा’ हे वाक्य तेव्हाही तयार होतं, आजही तयार असतं.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार, वापराच्या पुरेशा सूचना किंवा धोक्याचे इशारे न दिल्याने इजा झाली तर उत्पादकाला जबाबदार धरता येतं. मी विचारते, जी सूचना वापरणारणीला वाचताच येत नाही, ती पुरेशी कशी? मराठीत, चित्रांसह, मोठ्या अक्षरात एक पान द्यायला काय हरकत आहे? ही मागणी ग्राहक संघटनांबरोबर आपणही केली पाहिजे.

दुसरी मागणी वेळेची. हे झाकण सुटं करून, धुऊन, तपासून परत जोडायला हात बसल्यावरही दहा मिनिटं लागतात. महिन्याचे सव्वीस दिवस धरा. दोनशे साठ मिनिटं झाली. म्हणजे चार तास वीस मिनिटं! हे तुमच्या पगारात धरले आहेत का? नव्हते धरले, कारण काम ठरलं तेव्हा कुकर गॅसवरचा होता. १९८० साली पुण्याच्या मोलकरणींनी संप केला, तेव्हापासून आपण शिकत आलो आहोत की न मोजलेलं काम फुकट जातं. नवं यंत्र आलं की काम पुन्हा मोजायचं. रिंग, पिन, टोपी यांचा खर्च मालकाचा, आणि कुकर पहिल्यांदा हातात देताना त्यांनी समोर उभं राहून दाखवायचं, हे आधीच बोलून घ्या. एकटीला जड जात असेल तर गटाने बोला.

आणि तिसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या घराची. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत असं दिसलं, की बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, आणि जे पुरुष ते करतात ते ८८ मिनिटं. शिवाय ते करणारे पुरुष मुळात थोडे. कुकरची रिंग काढणं मुलग्यालाही जमतं. सायकलची चेन तो बसवतोच ना? मग ही रिंगही बसवेल. एकदा दाखवा, दुसऱ्यांदा करायला लावा, तिसऱ्यांदा तुम्ही स्वयंपाकघरातून बाहेर या.

आता मी थांबते. तिकडे टेबलावर दोन कंपन्यांची दोन झाकणं, दोन वाट्या आणि ब्रश ठेवले आहेत. जेवणाआधी प्रत्येकीने एकदा झाकण सुटं करून परत जोडायचं. जिला आधी जमेल तिने पुढचीला दाखवायचं, आणि नेमकं कुठे अडलं ते मला सांगायचं. आपलं मराठी पान आपण त्यावरूनच तयार करणार आहोत.