वडील गेल्याची वार्ता



आम्ही कारखान्याच्या फाटकावर बोलणारे. शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही वाचले ते रात्रपाळीत आणि युनियनच्या कचेरीत. तेव्हा बोलण्यात उणे राहिले तर सांभाळून घ्यावे.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपणांस नवे नाहीत. व्ही. शांताराम यांचा १९४६ चा बोलपट पुष्कळांनी पाहिला असेल. सप्टेंबर १९३८ मध्ये काँग्रेसने जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला पाच डॉक्टर पाठविले. अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू व मुखर्जी, आणि हे कोटणीस. वयाला अठ्ठावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

१९३९ च्या आरंभी पथक चुंगकिंगहून येनानला निघण्याच्या तयारीत असता वार्ता आली की, सोलापुरात वडील अचानक गेले. मुलूख परका, भोवती युद्ध. पथकप्रमुख अटल यांनी घरी जाण्याची मोकळीक दिली. कोटणीस गेले नाहीत.

हा प्रसंग आम्ही फाटकसभांतून मोठ्या आवाजात सांगत असू. एका संपाच्या अठराव्या दिवशी आमच्या एका जोडीदाराची आई गावी वारली. तो पिशवी घेऊनच कचेरीत आला होता. म्हणाला, "दादा, जाऊ का?" आम्ही त्याला कोटणीसांची गोष्ट सांगितली. तो थांबला. सभेत त्याला हार घातला, टाळ्याही झाल्या. संप तीन दिवसांनी मिटला. थोरला मुलगा असून आईला अग्नी धाकट्याने दिला.

पुढे तो आमच्याशी कामापुरते बोले. कैक वर्षांनी चहाच्या टपरीवर एवढेच म्हणाला, "दादा, कोटणीसांना कुणी गोष्ट सांगितली नव्हती."

त्या रात्री आम्ही पुस्तक पुन्हा उघडले. खरेच, त्यांच्या म्होरक्याने तर 'जा' म्हटले होते! इतक्या वेळा सांगूनही ते वाक्य आमच्या तोंडून कधी निघाले नव्हते. पुढारीपणात माणूस सोयीचे तेवढे वाचतो.

कामात दुःख विसरते, असे म्हणतात. आम्हांला ते पटत नाही. कोटणीस चिनी भाषा शिकले, १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाच्या इस्पितळाचे संचालक झाले, तिथल्याच ग्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला; नाव यिनहुआ, म्हणजे हिंदुस्थान आणि चीन. ज्याला घर विसरायचे असते तो मुलाच्या नावात ते कशाला बांधू देईल? ९ डिसेंबर १९४२ रोजी अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले, वय बत्तीस. बाकीचे चौघे मायदेशी परतले. सोलापूरच्या घराला चार वर्षांत दुसरी तशीच वार्ता आली. बोलपट पाहताना आम्हांला तिकडचे काही सुचले नव्हते.

हल्ली कचेरीत असा कोणी आला की आम्ही आधी एस.टी.चे भाडे त्याच्या हातावर ठेवतो. गेल्या साली एक जण भाडे घेऊन स्टँडपर्यंत गेला आणि परत येऊन सतरंजीवर बसला. कारण आम्ही विचारले नाही. पैसेही परत मागितले नाहीत.