हाताने विणलेला टाय



आज आपण टाय विणायला शिकणार आहोत. कुणी म्हणेल, "गुरुजी, टाय आमच्या काय कामाचा?" खरं आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी टाय नसेल. पण कचेरीत, लग्नात तो लावणारे पुष्कळ आहेत. म्हणजे त्याला गिऱ्हाईक आहे. आणि या तीन बोटे रुंद पट्टीत वाचन, लेखन आणि हिशेब, तिन्ही येतात.

आधी टाय आला कुठून ते ऐका. सतराव्या शतकात युरोपातले क्रोएशियन शिपाई फ्रान्सच्या फौजेत चाकरीला होते. ते गळ्यात रुमाल बांधीत. फ्रेंच लोकांना ती रीत आवडली. शिपायांच्या नावावरून त्या रुमालाला ‘क्रॅव्हट’ म्हणू लागले. टाय हा त्याचाच वंशज. गांधीजी १८८८ साली विलायतेला गेले, तेव्हा तेही टाय बांधायला शिकले. आरशापुढे रोज दहा मिनिटे जात, असे त्यांनी आत्मकथेत लिहिले आहे. पुढे टाय सुटला आणि हाती चरखा आला. पोशाखाचा वाद आपण घालायचा नाही. आपल्याला हाताच्या कामाची किंमत समजून घ्यायची आहे.

बाजारातला नेहमीचा टाय कापड तिरपे कापून शिवतात. आपला टाय शिवायचा नाही, विणायचा. म्हणून त्याचे टोक सरळ असते. बारीक लोकर घ्या आणि ३ मिलिमीटर जाडीच्या दोन सुया घ्या. सुईवर १३ टाके घाला. आता वहीत एकच ओळ लिहा : "एक सुलट, एक उलट, शेवटचा सुलट." प्रत्येक ओळ अशीच विणायची.

टाके १३ च का? १३ ही विषम संख्या आहे. त्यामुळे परत फिरताना सुलटावर उलट येतो आणि दाणेदार वीण उठते. तिच्या कडा गुंडाळत नाहीत. तेच १२ टाके घेतले आणि दर ओळीला ‘एक सुलट, एक उलट’ असे विणले, तर उभ्या रेघा पडतात. पाहा, एका टाक्याने सारे कापड बदलते! म्हणून आकडा नीट मोजावा आणि लिहून ठेवावा.

प्रथम ४० ओळींची पट्टी विणून पट्टीने मोजा. ती सुमारे १० सेंटिमीटर भरली पाहिजे. कमी भरली तर हात घट्ट आहे, जास्त भरली तर सैल. त्याप्रमाणे सुई बदला.

हात बसला की टाय सुरू करा. २४० ओळी विणल्या की ६० सेंटिमीटर होतील. मग गळ्याचा भाग अरुंद करायचा. ओळीच्या सुरुवातीला तीन टाके एकत्र घेऊन त्यांचा एक सुलट विणा. ११ उरले. परतीच्या ओळीतही तसेच करा. ९ उरले. या ९ टाक्यांवर आणखी ८० सेंटिमीटर, म्हणजे ३२० ओळी विणा आणि टाके बंद करा. दर १० ओळींना वहीत एक रेघ ओढा, म्हणजे मध्येच मूल रडले तरी मोजणी चुकायची नाही.

विणलेला टाय खुंटीला टांगू नये, लांबतो. गुंडाळून ठेवावा. गार पाण्यात धुवावा, पिळू नये, सावलीत आडवा पसरून वाळवावा.

आता हिशेब. २४० ओळी गुणिले १३ म्हणजे ३१२० टाके. ३२० गुणिले ९ म्हणजे २८८०. दोन्ही मिळून ६०००! मिनिटाला २० टाके पडले तर ३०० मिनिटे, म्हणजे पाच तास लागतात.

समजा, लोकर ६० रुपयांची लागली. दुकानदार म्हणाला, "बाई, १५० देतो." आकडा कानाला गोड लागतो. पण लोकरीचे ६० वजा करा. उरले ९०. त्याला पाचाने भागा. तासाला १८ रुपये! एवढ्यावर पाच तास डोळे आणि बोटे झिजवायची का, हे तुम्हीच ठरवा. यंत्राचा टाय स्वस्त असेल. दुकानदार ते सांगेल. तेव्हा भांडू नका. वही उघडा आणि हा हिशेब त्याच्यापुढे ठेवा. तो मान्य करील किंवा करणार नाही. पण आपण काय दिले नि काय घेतले, हे तुम्हाला पक्के ठाऊक असेल.

आपल्या कितीतरी आज्या अक्षरओळख नसताना अवघड नक्ष्या नुसत्या ध्यानात ठेवून विणीत. ती बुद्धी थोर होती. पण लिहिले नाही म्हणून कित्येक नक्ष्या त्यांच्याबरोबरच गेल्या. तुमचे तसे होऊ नये. तुमची वीण लेकीसुनांना वाचता आली पाहिजे.

पुढच्या वर्गाला उत्तर आणा : तासाला ४० रुपये मजुरी धरली, तर हा टाय कितीला विकावा?