पाटी कुणाच्या गाडीला?

(बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय आपल्याच भांडणातून निघाला आहे. यंदा गटातल्या काही जणींनी मोटारीचा पक्का परवाना काढला. त्यातल्या एकीच्या मुलानं गाडीच्या मागच्या काचेवर कागद चिकटवला, ‘नवीन चालक, अंतर ठेवा’. मागच्या बैठकीत त्यावरून दोन तट पडले. काही म्हणाल्या, चांगलं केलं, मागचा सांभाळून चालवेल. बाकीच्या म्हणाल्या, फाडून टाक तो कागद, ‘बाई चालवतेय’ एवढं कळलं तरी लोक हॉर्न मारतात, त्यात आणखी हे कशाला. शेवटी मला सांगितलं, तू नीट वाचून ये आणि बोल. म्हणून आज उभी आहे.

आधी कायदा, कारण यात बराच गोंधळ आहे. मोटार वाहन कायदा १९८८ चा आणि त्याखालचे केंद्रीय नियम १९८९ चे. शिकाऊ परवान्यावर मोटार चालवताना शेजारी पक्का परवाना असलेली शिकवणारी व्यक्ती हवी आणि गाडीला पुढे-मागे पाटी हवी. पांढरा चौकोन १८ सेंटिमीटरचा, त्यावर लाल रंगात इंग्रजी ‘एल’, अक्षर १० सेंटिमीटर उंच. एवढं मोजून-मापून लिहिलेलं आहे. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. तो मिळाल्यावर तीस दिवस गेल्याशिवाय पक्क्या परवान्याची चाचणी देता येत नाही. चाचणी पास झाली की पाटी उतरली. पुढे काही नाही. काल पास झालेली बाई आणि तीस वर्षं मोटार चालवणारा माणूस, कायद्याच्या लेखी दोघं सारखेच.

एका ठिकाणी मात्र कायदा थांबायला सांगतो. वाहतुकीची गाडी, म्हणजे मालाची किंवा भाड्याच्या प्रवाशांची, शिकायची असेल तर साधारणपणे हलक्या वाहनाचा परवाना मिळून एक वर्ष व्हावं लागतं. त्या वर्षात तिनं किंवा त्यानं गाडी खरोखर चालवली का, हे कोणी विचारत नाही. तारीख बघतात. हे लक्षात ठेवा, मी पुन्हा यावर येणार आहे.

आता बाहेरच्या देशांत काय चालतं ते थोडक्यात. इंग्लंडमध्ये पास झाल्यावर हिरवं ‘पी’ अक्षर लावता येतं, पण सक्ती नाही. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र १९६८ पासून कित्येक दशकं नियम राहिला, की पहिलं वर्षभर ‘आर’ची पाटी लावायची आणि ताशी ४५ मैलांच्या, म्हणजे साधारण ७२ किलोमीटरच्या वर जायचं नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्यात आधी किमान वर्षभर लाल ‘पी’, मग किमान दोन वर्षं हिरवं ‘पी’. वेगाची मर्यादा आहे आणि दारूचा एक थेंब चालत नाही. दारूचा नियम मला फार आवडला. आपल्याकडे तो पहिल्या तीन वर्षांपुरता नाही, जन्मभरासाठी लावावा.

पण या सगळ्यांत जपानचा नियम वेगळा आहे, आणि आपल्या भांडणाचं उत्तर मला तिथं सापडलं. १९७२ पासून तिथं नव्या चालकानं वर्षभर हिरव्या-पिवळ्या पानाच्या आकाराची खूण गाडीला लावायची असते. खूण लावली नाही तर दंड. इथवर इतरांसारखंच. पुढचं ऐका. ती खूण असलेल्या गाडीला कोणी बाजूनं दाबलं, कोणी तिच्या पुढ्यात विनाकारण गाडी घुसवली, तर गुन्हा त्या दुसऱ्याचा. म्हणजे खूण नवखीच्या गाडीवर असते, पण ती बंधन घालते जुन्या चालकावर.

आपल्या काचेवरचा कागद हे करत नाही. तो विनंती करतो. ‘अंतर ठेवा’ म्हणतो. नाही ठेवलं तर? काही नाही. बायकांनी विनंत्या किती करायच्या, हा प्रश्न आपल्याला नवीन नाही.

आता आपल्या रस्त्यांकडे या. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बारामतीहून भवानीनगर, लासुर्णे, निमगाव केतकी करत इंदापूरला जाणारा रस्ता कसा होतो ते तुम्हाला सांगायला नको. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, टेपवर गाणी मोठ्यानं. ट्रॉलीच्या मागे दिवा नाही. दरवर्षी हंगामाच्या सुरुवातीला ट्रॉल्यांना, बैलगाड्यांना रिफ्लेक्टर लावण्याचे कार्यक्रम होतात, फोटो छापून येतात. तरी संक्रांतीपर्यंत निम्मे रिफ्लेक्टर चिखलाखाली गेलेले असतात किंवा पडलेले असतात. आपल्यातल्या ज्या स्कूटीवरून ये-जा करतात त्यांना हे जास्त कळतं. २०२२ साली देशात रस्त्यावरच्या अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली, आणि त्यातली जवळपास ४४ टक्के दुचाकीवरची होती. मग मी विचारते, ज्याच्यापासून धोका आहे त्याला आधी पाटी लावायची, की जिला धोका आहे तिला?

ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर नसताना नव्या चालक बाईच्या काचेवर कागद शोधणं मला पटत नाही. तसं आपल्या गाड्यांवर लिहायला जागा कमी नाही. नंबरप्लेटवर चार-एक-चार-एक असे आकडे वळवून ‘दादा’ लिहितात. ते लिहिलेलं लांबून वाचता येतं आणि लोक बाजूलाही होतात. ‘नवीन चालक’ वाचून बाजूला होणारे किती?

बरं, त्या कागदावर काय लिहायचं, यातही आपली भाषा लबाडी करते बघा. ‘नवशिका’ लिहिलं तर पुरुष, ‘नवशिकी’ लिहिलं तर बाई. मागच्याला चेहरा दिसण्याआधीच कळलं. ज्यांनी मागच्या बैठकीत रात्रीच्या भिगवण रस्त्याची गोष्ट काढली, त्यांची भीती खोटी नाही. अंधारात एकटी गाडी, आणि काचेवर लिहिलंय की आत बाई आहे आणि तिला अजून नीट येत नाही. म्हणून शब्द ‘नवीन चालक’ हाच असावा. त्या मुलानं तोच लिहिला, शहाणा आहे. त्याहून बरी एखादी खूण, अक्षर नसलेली, सगळ्यांना सारखी.

पण माझा मुख्य मुद्दा वेगळाच आहे.

परवाना काढलेल्यांपैकी कितीजणी गेल्या महिन्यात स्वतः गाडी चालवत कुठे गेल्या? हात वर करा. तीन. आणि परवाना किती जणींकडे आहे? अकरा. उरलेल्या आठ जणींचा परवाना कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीत. ट्रेनिंग स्कूलच्या गाडीत पंधरा-वीस दिवस शिकल्या, तेही सकाळी अर्धा तास, मोकळ्या रस्त्यावर, शिकवणाऱ्याच्या पायाखाली दुसरा क्लच-ब्रेक असताना. रात्री कधी नाही, हायवेला कधी नाही, उसाच्या ट्रॅक्टरमागे कधी नाही. पास झाल्या. घरी आल्या. मग घरचे म्हणाले, सध्या हंगाम आहे, रस्ता वाईट आहे, नंतर बघू. हंगाम संपला तर उन्हाळ्याच्या सुट्टीत पाहुणे आले. मग पालखी आली. मग पाऊस. असं वर्ष जातं.

आता त्या बाईला पाटी लावायची तर किती दिवस? कायदा तारखेवर चालेल. वर्ष झालं, पाटी काढा. पण ती तर अजून पहिल्या दिवशीच आहे! तिच्याबरोबर पास झालेला दीर तोवर पुण्याला शंभर वेळा जाऊन आला. पाटी दोघांची एकाच दिवशी उतरली, आणि मग तिच्याकडून एक डेंट पडला की सगळे म्हणायला मोकळे, वर्ष झालं तरी बाईला येत नाही.

२०२३ साली आपल्याच जिल्ह्यात, सासवड आगारात, एसटीच्या स्टिअरिंगवर बाई बसली. तेव्हा तिचे फोटो सगळ्यांनी कौतुकानं पाहिले. कौतुक करताना एक गोष्ट कोणी बोललं नाही. तिला गाडी मिळाली ती ड्युटी म्हणून. महामंडळानं शिकवलं आणि रोज चालवायला दिली. कुणाला विचारावं लागलं नाही, किल्ली कुठे ठेवलीय म्हणून.

१९९४ साली महाराष्ट्रानं महिला धोरण आणलं, तेव्हापासून आपण सातबारावर नाव लावा म्हणून ओरडतोय. नाव लागलं तिथंही शेतात काय पेरायचं हे कोण ठरवतं, ते तुम्ही मला सांगा. परवान्याचं तेच झालंय. फोटो तिचा, सही तिची, किल्ली दुसऱ्याच्या खिशात. आर.सी. बुकावर कुणाचं नाव आहे ते घरी गेल्यावर बघा.

म्हणून माझं मत असं. पाटीला विरोध करू नये. पण ती मागायची तर नियम म्हणून मागावी: पास झालेल्या प्रत्येकाला, बाई असो की बाप्या, आणि जपानसारखं दुसऱ्यावर बंधन घालणारं कलम त्यात असलंच पाहिजे. ते कलम नसेल तर आपला पाठिंबा नाही. नियम होईपर्यंत जिला कागद लावून धीर येतो तिनं लावावा, रात्री काढून ठेवावा. चुंबकाची पाटी मिळते, काढ-घाल सोपी पडते. जिला नको तिला कोणी टोमणा मारू नये, आपल्या गटातही.

आपल्या लोकांना थांबता येत नाही असं नाही. तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते, तेव्हा याच रस्त्यावर मागे गाड्यांची रांग लागते. ट्रकवालासुद्धा खाली उतरून वारकऱ्यांना पाणी देतो. तेव्हा कुठे जातो हॉर्न? पुढे कोण चाललंय याचा मान वाटला की थांबतात.

आणि एक काम आजच ठरवू. ज्या आठ जणींचा परवाना कपाटात आहे, त्यांनी महिन्यातून चार वेळा गाडी काढायची. शेजारी आपल्यातलीच, सराव असलेली बाई बसेल, नवरा नाही. नवरा शेजारी बसला की गाडी तोच चालवतो, नुसता पाय आपला असतो. पहिल्या दोन फेऱ्या एमआयडीसीच्या रस्त्यावर, तिसरी भिगवणपर्यंत, चौथी अंधार पडल्यावर इंदापूरहून परत. डिझेलचा खर्च गटाच्या खात्यातून निम्मा. घरून किल्ली मिळत नसेल तर तसं इथं सांगा, आम्ही दोघी-तिघी येऊन मागू. वहीत नावं लिहायला घ्या.