कोरी पट्टी



पुण्याच्या मार्केट यार्डात शनिवारी फळ-भाजीपाला विभाग बंद असतो, म्हणून रविवारी पहाटे आवक उसळून येते. इंदूरचं गाजर, तमिळनाडूचा शेवगा, आग्र्याचा बटाटा, साताऱ्याचं आलं, सगळं त्या एका पहाटे गुलटेकडीवर उतरतं. तिथल्या कांदा-बटाटा विभागात आमच्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, अडतीचा गाळा होता. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायचो आणि गोण्यांच्या थप्पीवर बसून फोन ऐकायचो. पहाटे चारपासून फोन सुरू. पलीकडून शेतकरी विचारायचा, "आज काय भाव?" अण्णा दहा किलोचा भाव सांगायचे आणि न चुकता पुढे जोडायचे, "हा आत्ताचा भाव आहे बरं का पाटील. तुमची गाडी येईल तेव्हाचा नाही."

हे वाक्य मला खऱ्या अर्थाने कळलं ते वयाच्या चाळिशीत.

२०१९ सालची गोष्ट. मी पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत चौदा वर्षं काढली होती. पगार उत्तम होता, हाताखाली माणसं होती, बिबवेवाडीतल्या फ्लॅटचं कर्ज फिटत आलं होतं. अशात जर्मनीतल्या स्टुटगार्टहून नोकरीचं पत्र आलं. युरो तेव्हा ७८ रुपयांच्या आसपास होता. मी आकड्याला ७८ ने गुणलं आणि जो भेटेल त्याला तो गुणाकार सांगत सुटलो. अण्णांनाही सांगितला. त्यांनी चष्मा पुसला, गल्ल्याखालचं पट्टीबुक काढलं आणि एक कोरी पट्टी फाडून माझ्यापुढे ठेवली. म्हणाले, "हे झालं वरचं वजन. आता खाली लिही."

ज्यांचा शेतमालाशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेतकऱ्याचा माल विकला की अडत्या त्याला हिशेबाचा कागद देतो, ती पट्टी. वर मालाचं वजन, भाव आणि एकूण रक्कम. त्याखाली वजावट: हमाली, तोलाई, गाडीभाडं, आधी उचल दिली असेल तर ती. जुलै २०१६ पर्यंत अडतही शेतकऱ्याच्याच पट्टीतून कापली जायची, त्यानंतर ती खरेदीदारावर गेली. हे सगळं वजा जाऊन तळाला उरतो तो निव्वळ आकडा. शहाणा शेतकरी पट्टी हातात आली की आधी तळ बघतो. मी मात्र पंधरा दिवस वरचीच ओळ वाचत होतो.

मग आम्ही दोघं लिहायला बसलो. जर्मनीत पगारातून पेन्शनसाठी ९.३ टक्के कापले जातात, आरोग्यविम्यासाठी साधारण आठ-नऊ, बेकारीच्या विम्यासाठी १.३, म्हातारपणातल्या शुश्रूषेच्या विम्यासाठी दोनेक टक्के. या कापण्यांना वरची मर्यादा असते आणि दर वर्षागणिक थोडे इकडेतिकडे होतात. त्यावर प्राप्तिकर. बऱ्या पगाराचा माणूस एकटा असेल तर चाळीस टक्क्यांच्या जवळपास रक्कम हातात येण्याआधीच जाते. विवाहित असेल आणि घरात एकाचीच कमाई असेल तर बरीच कमी. उरलेल्यातून स्टुटगार्टचं घरभाडं, आणि ते शहर भाड्याच्या बाबतीत स्वस्त नाही. अण्णा म्हणाले, "खर्च युरोत होणार, मग रुपयांत गुणतोस कशाला? जे उरेल तेवढंच गुण."

पट्टीत जमेच्याही ओळी होत्या, त्या लपवणं बरोबर नाही. तिथल्या सरकारी आरोग्यविम्यात मूल आणि न कमावणारा जोडीदार वेगळा हप्ता न भरता येतात. सरकारी शाळेला फी नाही. भारत आणि जर्मनी यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार २०१७ च्या मे महिन्यापासून लागू आहे, त्यामुळे पेन्शनमध्ये भरलेला पैसा सहसा वाया जात नाही. सगळं धरून तळाचा आकडा माझ्या पुण्यातल्या शिलकीपेक्षा जास्तच आला. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढे मी लोकांना उलट सांगितलं.

पत्रात एक कलम होतं. जाण्याचा आणि सामान हलवण्याचा खर्च कंपनी देणार, वर काही रोख रक्कम देणार. पण दोन वर्षांच्या आत सोडलं तर ती परत करायची. अण्णांनी ते ऐकलं आणि हसले. "अरे, ही तर उचल!" यार्डात अडत्या हंगामाआधी शेतकऱ्याला पैसे देतो आणि शेतकऱ्याचा माल त्याच्याच गाळ्यावर येतो. उचल वाईट असते असं नाही, कित्येकांची पेरणी तिच्यावर झाली आहे. पण उचल घेतली की दुसऱ्या गाळ्यावर भाव विचारायला जाता येत नाही, एवढं माहीत असावं.

आता त्या भावाच्या वाक्याकडे येतो. परदेशी जाणारा माणूस आज काय नियम आहेत ते विचारून निघतो, आणि गाडी पोहोचते दुसऱ्याच दिवशी. अमेरिकेचा एच-वन-बी परवाना घ्या. २००१ ते २००३ या आर्थिक वर्षांत त्याची मर्यादा वर्षाला १,९५,००० होती. पुढच्याच वर्षी ती ६५,००० वर आली. तिथल्या विद्यापीठांतून उच्च पदवी घेतलेल्यांसाठी २०,००० ची भर नंतर पडली. सप्टेंबर २०२५ मध्ये तर बाहेरून येणाऱ्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. जर्मनीनेही जून २०२४ मध्ये, चांगले मिसळून गेलेल्यांसाठी तीन वर्षांत नागरिकत्वाची वाट उघडली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती बंद केली. आता पाच वर्षं. यात कुणी कुणाला फसवलेलं नाही, भाव उतरतात तसे नियमही उतरतात. पण ज्याने घरातल्यांना "तीन वर्षांत होऊन जाईल" असं सांगितलं असेल, त्याला आता पुन्हा तोंड उघडावं लागलं असेल.

मग थांबून भाव बघावा म्हटलं, तर तेही प्रत्येकाला जमत नाही. भुसार माल गोदामात राहतो, कांदा चाळीत चार महिने निघतो, मेथीची जुडी संध्याकाळी फेकावी लागते. कॅनडाच्या गुणपद्धतीत वयाचे पूर्ण गुण २० ते २९ पर्यंत मिळतात, तिशीनंतर ते घटत जातात आणि ४५ व्या वर्षी शून्य होतात. अण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "म्हणजे तू आता कोथिंबीर."

शेतीवाडी असलेल्या घरांनी आणखी एक ओळ लिहावी. परदेशी नागरिकत्व घेतलं की आपलं जातं, कारण भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. २००५ पासून मिळणारं ओसीआय कार्ड घेऊन येता-जाता येतं, फ्लॅट घेता येतो, पण शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने येणारी येते, तेवढीच. पुरंदरला आमची दोन एकर आहे. शेजारचा बांध कधी विकायला निघाला तर घ्यायचा, हे अण्णांचं आयुष्यभराचं स्वप्न, आणि ते माझ्याच नावावर पुरं व्हायचं होतं.

इथे मी पेन खाली ठेवला. खरं तर मला पेन खाली ठेवायला निमित्तच हवं होतं. मी म्हणालो, "अण्णा, तुमचं वय अडुसष्ट. आई नाही. तुम्हाला एकटं टाकून कसा जाऊ?" मला वाटलं, ते खूश होतील.

अण्णांनी पट्टी माझ्याकडे सरकवली. म्हणाले, "जायचं नसेल तर जाऊ नको. पण हा खर्च माझ्या खात्यावर मांडू नकोस. उद्या तुला पस्तावा झाला की तू मला नावे टाकशील, आणि मी तेव्हा हिशेब द्यायला नसेन."

इतकं स्पष्ट मला आजवर कुणी बोललं नव्हतं. म्हाताऱ्या आईबापांचा प्रश्न खोटा नसतो, हेही सांगायला हवं. जर्मनीत २०२४ च्या मार्चनंतर परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आईवडिलांना आणण्याची मुभा आहे, पण त्यांच्या आरोग्यविम्याची सोय दाखवावी लागते, आणि सत्तरीच्या माणसाला तो विमा मिळवणं सोपं नाही. प्रश्न खराच आहे. मी तो ढालीसारखा पुढे धरला होता, हे अण्णांना दिसलं.

ती पट्टी मी घरी आणली. रात्री जेवणाच्या टेबलावर ती पडली होती. माझी बायको फिजिओथेरपिस्ट आहे. तेव्हा तिला बिबवेवाडीत स्वतःचं छोटं क्लिनिक सुरू करून अकरा वर्षं झाली होती. गोण्या उचलून खांदा नि कंबर गेलेले यार्डातले हमाल तिच्याकडे येतात, काही जण पैशांऐवजी पेरू ठेवून जातात. तिने पट्टी उचलली, वरपासून खालपर्यंत वाचली, उलटून मागची बाजू पाहिली आणि विचारलं, "यात माझी ओळ कुठे आहे?"

नव्हती. गाडीभाडं होतं, शुश्रूषेचा विमा होता, पुरंदरची दोन एकर होती, न कमावणाऱ्या जोडीदाराचा फुकट विमा तर मी जमेत धरला होता! ती न कमावणारी कधी झाली, हे मी तिला विचारलंच नव्हतं. जर्मनीत तिच्या व्यवसायाला सरकारी मान्यता लागते. पदवीची तपासणी, जर्मन भाषेची बी-टू पातळी, कमी पडलेलं शिक्षण पुरं करणं. या सगळ्यात दोन-तीन वर्षं सहज जातात, आणि पुढे नव्या गावात पहिल्या पेशंटपासून सुरुवात.

त्या दिवसांत मला धर्मानंद कोसंबींची आठवण व्हायची. कलकत्ता विद्यापीठातली महिना अडीचशे रुपयांची जागा नाकारून त्यांनी सयाजीराव गायकवाडांचे महिना पन्नास रुपये पत्करले, कारण महाराष्ट्रात राहून काम करायचं होतं. पुढे १९१० साली हार्वर्डहून बोलावणं आलं तेव्हा ते अमेरिकेलाही गेले. पगाराकडे न बघता राहणं आणि जाणं दोन्ही करू शकलेला माणूस, म्हणून मला त्यांचं कौतुक होतं, आजही आहे. पण बायकोच्या त्या प्रश्नानंतर मला बाळाबाई दिसू लागल्या. १८९९ साली कोसंबी ज्ञानाच्या शोधात घराबाहेर पडले तेव्हा गोव्यात तान्ह्या मुलीला घेऊन मागे राहिल्या त्या.

आम्ही तीन आठवडे बोललो, भांडलोही. ती म्हणाली, "तुम्हाला खरोखर जायचं असेल तर मी भाषा शिकते. पण तुम्हाला जायचंय का, ते आधी सांगा." उत्तर द्यायला मला चार दिवस लागले. मला तिथे जायचं नव्हतं. तिथून पत्र आलं, हे लोकांना सांगायचं होतं. ते सांगून झालं होतं. मी नकार कळवला, आणि कंपनीतल्या लोकांना कारण दिलं की हिशेब जमला नाही. हिशेब जमला होता.

पस्तावा होतो का, असं लोक विचारतात. होतो की! हिंजवडीच्या चौकात पाऊण तास गाडी हलत नाही तेव्हा हमखास होतो. माझ्याबरोबरचा एक जण त्याच वर्षी गेला, तिथे रमला, त्याची बायको तिथे शिकवते. दुसरा तीन वर्षांत परतला. दोघांच्याही पट्ट्या मी पाहिलेल्या नाहीत.

गेल्या महिन्यात माझी भाची आली होती. वय एकोणतीस, इथली नोकरी चांगली, नेदरलँड्सहून बोलावणं. "मामा, युरो आता कितीला आहे माहितीये का?" म्हणत तिने मोबाईलवर गुणाकार दाखवला. अण्णांचा गाळा आता चुलतभाऊ बघतो, पण जुनं पट्टीबुक माझ्याकडे आहे. तिला एक कोरी पट्टी फाडून दिली. तासभर बसून तिने सगळं भरलं, कर, भाडं, विमा, उचल. शेवटी एक ओळ रिकामी सोडली आणि कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. म्हणाली, "ही आज रात्री घरी विचारून लिहिते."