कॉर्पोरल स्टॉवर्सची शिफारस



आज ज्या शिपायाचे स्मरण मी आपणांपुढे करणार आहे, तो आपल्या देशाचा नव्हता, आपल्या भाषेचा नव्हता आणि आपल्या धम्माचाही नव्हता. तो अमेरिकेतील एक कृष्णवर्णीय शेतमजूर होता. त्याचे नाव कॉर्पोरल फ्रेडी स्टॉवर्स. तरीही त्याची हकीकत ऐकताना ती आपल्याच घरातील आहे असे आपणांस वाटल्यावाचून राहणार नाही.

स्टॉवर्सचा जन्म १८९६ साली दक्षिण कॅरोलिना राज्यातील सँडी स्प्रिंग्ज या गावी झाला. त्याचे आजोबा गुलाम होते. कायद्याच्या पुस्तकातून गुलामगिरी १८६५ सालीच नष्ट झाली होती. परंतु कायदा बदलला म्हणून मन बदलते असे नाही. काळ्या मुलांची शाळा निराळी, आगगाडीचा डबा निराळा, राहण्याची वस्ती निराळी. ज्यांच्या वाडवडिलांनी पाणवठ्यावरून हाकलून दिल्याचे दुःख भोगले, त्यांना याचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाही.

१९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि सक्तीची लष्करभरती सुरू झाली. पत्नी आणि लहान मुलगी यांना मागे ठेवून स्टॉवर्स ३७१ व्या पायदळ रेजिमेंटच्या ‘सी’ कंपनीत दाखल झाला. या रेजिमेंटमधील शिपाई काळे, तर अधिकारी गोरे. ती फ्रान्सला पोहोचल्यावर अमेरिकन सेनाधिकाऱ्यांनी तिला फ्रेंच सैन्याच्या हवाली केले. बंदूक फ्रेंच, शिरस्त्राण फ्रेंच, शिधाही फ्रेंच! आपल्या देशासाठी मरावयास निघालेल्या माणसांना आपल्या देशाच्या सैन्याबरोबर उभे राहण्यासही जागा नव्हती.

एवढ्यावरच हे थांबले नाही. अमेरिकन मुख्यालयातील फ्रेंच संपर्क कचेरीने ऑगस्ट १९१८ मध्ये फ्रेंच अधिकाऱ्यांसाठी एक गुप्त पत्रक काढले. कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांबरोबर जेवू नये, लष्करी कामापलीकडे त्यांच्याशी संबंध ठेवू नये आणि गोऱ्या अमेरिकनांच्या देखत काळ्या सैनिकांची फार स्तुती करू नये, असा त्याचा आशय होता. १९१९ साली डॉ. डब्ल्यू. ई. बी. दुबॉइस यांनी आपल्या ‘क्रायसिस’ या मासिकात ते छापून चव्हाट्यावर आणले. सहभोजनाचा विटाळ केवळ आपल्याच देशात मानला जातो असे ज्यांस वाटत असेल, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

२८ सप्टेंबर १९१८ रोजी शँपेन प्रांतातील १८८ क्रमांकाच्या टेकडीवर ‘सी’ कंपनीने हल्ला चढविला. थोड्याच वेळात शत्रूने गोळीबार थांबविला आणि जर्मन शिपाई हात वर करून खंदकाच्या काठावर आले. ते शरण येत आहेत असे समजून कंपनी उघड्यावर पुढे सरकली. अंतर सुमारे शंभर मीटर उरले असेल नसेल, तोच ते सारे खंदकात उड्या मारून परतले आणि मशीनगन व उखळी तोफांचा भडिमार सुरू झाला. अर्ध्याहून अधिक कंपनी घायाळ झाली किंवा कामास आली. अशा वेळी स्टॉवर्सने सूत्रे हाती घेतली. सरपटत पुढे जाऊन आपल्या तुकडीनिशी त्याने मशीनगनचे ठाणे मोडले आणि तो दुसऱ्या खंदकाकडे वळला. तेथे त्याला गोळ्या लागल्या. तरीही प्राण जाईपर्यंत तो पुढे सरकत राहिला आणि सोबत्यांना हुरूप देत राहिला. त्याच्या सोबत्यांनी टेकडी जिंकली. मृत्युसमयी त्याचे वय अवघे बावीस होते.

‘मेडल ऑफ ऑनर’ हे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक त्याला मिळावे, अशी लेखी शिफारस लवकरच झाली. पण ती शिफारस पुढे सरकलीच नाही. पहिल्या महायुद्धातील एकाही काळ्या सैनिकाला हे पदक त्या काळी मिळाले नाही. पुढे लोकप्रतिनिधींनी विचारणा केली, लष्कराने जुनी दप्तरे उघडली आणि तो कागद सापडला. २४ एप्रिल १९९१ रोजी, बहात्तर वर्षांनंतर, त्याच्या दोन वृद्ध बहिणींच्या हाती राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी ते पदक ठेवले. स्टॉवर्स आजही फ्रान्समधील म्यूज-आर्गोन येथील अमेरिकन दफनभूमीत चिरनिद्रा घेत आहे.

बंधुभगिनींनो, आपला इतिहास याहून फार वेगळा आहे काय? मुंबई सैन्यात पिढ्यान् पिढ्या शौर्य गाजविणाऱ्या महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद करण्यात आली. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून सरकारकडे अर्ज केला. ज्या १९१७ साली स्टॉवर्स लष्करात गेला, त्याच साली गरजेपोटी १११ वी महार पलटण उभी राहिली. आणि गरज सरताच १९२१ साली ती मोडली गेली. सुभेदार रामजींचे सुपुत्र बाबासाहेब यांनी या अन्यायाविरुद्ध सतत आवाज उठविला आणि १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. याच बाबासाहेबांनी १९४६ साली दुबॉइस यांना पत्र लिहून आपल्या व त्यांच्या लोकांच्या स्थितीतील साम्य दाखविले होते.

कोणी विचारील की, करुणेचा मार्ग स्वीकारलेल्या आपण युद्धाचे गोडवे का गावेत? आपण युद्धाचे गोडवे गात नाही. ज्या समाजाने ज्याला माणूस मानले नाही, त्याने दाखविलेल्या माणुसकीची आणि धैर्याची आपण नोंद घेत आहोत.

आणि नोंद हाच आजच्या बोलण्याचा सार आहे. स्टॉवर्सला न्याय मिळाला तो कोणाच्या दयेमुळे नव्हे. कोणीतरी लिहून ठेवले होते, आणि कोणीतरी ते मागितले, म्हणून मिळाला. आपल्या घरातील जुन्या पेटीत आजोबा-पणजोबांचे डिस्चार्जचे कागद असतील, एखादे काळवंडलेले पदक असेल. त्याच्या कडेवर नाव व नंबर कोरलेला आहे काय ते पाहा. ते मोडीत घालू नका. मुलांना वाचून दाखवा, वहीत उतरवून ठेवा. जो समाज आपली नोंद स्वतः ठेवीत नाही, त्याचे शौर्य दुसऱ्याच्या दप्तरात धूळ खात पडते.

जय भीम!