भागीदाराचे तास

सोलापूरहून पुण्याच्या रस्त्याला लागलात की चिंचोळी एमआयडीसी येते. पाळी संपली की कामगार घरी निघतो. 1948 च्या कारखाना कायद्याने त्याला आठवड्याला 48 तासांची मर्यादा दिली, जादा कामाला दुप्पट मजुरी दिली. इथलाच एखादा मुलगा वकील होऊन मुंबईच्या मोठ्या फर्ममध्ये जातो. भागीदार होण्यासाठी रात्री जागवतो. त्याचेही तास मोजले जातात, पण पक्षकाराच्या बिलासाठी! आणि भागीदार झाल्यावर? 1932 च्या भागीदारी कायद्यानुसार, करारात नसेल तर कामाचा वेगळा मोबदला मागता येत नाही. नफ्यात वाटा मिळतो, तशी फर्मच्या देण्यांची जबाबदारीही येते. तेव्हा पेढे वाटण्याआधी भागीदारीपत्र नीट वाचावे. घरी परतायची वेळ त्यात नसते; ती आपणच ठरवायची.